कॉलेजात असतानाच एमबीएला अर्ज करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष चालू आहे, गुण चांगले आहेत, दोन इंटर्नशिप झाल्यात, पूर्णवेळ नोकरीचा अनुभव शून्य. नामांकित बिझनेस स्कूलला आत्ताच अर्ज करावा की चार-पाच वर्षं नोकरी करून मग? अनुभवच नाही तर अर्जासोबतच्या निबंधात लिहायचं काय? आणि नकार आला तर पुढच्या अर्जावर त्याचा डाग राहतो का?

शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा, म्हणून तो आधी निकालात काढतो. डाग राहत नाही. जुना अर्ज संस्थेच्या दप्तरी असतो आणि पुढे पुन्हा अर्ज करताना 'पूर्वी अर्ज केला होता का' हेही विचारतात. पण तीन वर्षांच्या नोकरीनंतर तुमची फाइल इतकी बदललेली असते की वाचणारा ती नव्यानेच वाचतो. लक्षात एवढंच ठेवायचं की आज जे ध्येय लिहाल ते तिथे नोंदलेलं राहणार आहे. आज ऊर्जाक्षेत्र म्हणालात आणि तीन वर्षांनी आरोग्यसेवा, तर कुणाचं काही बिघडत नाही. मात्र मधे काय घडलं ते सांगता यायला हवं.

आता व्यवस्था समजून घेऊ, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची हमखास गल्लत होते. पदवीनंतर लगेच वर्गात बसायचं असेल तर त्यासाठी 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' हा वेगळा अभ्यासक्रम आहे. लंडन बिझनेस स्कूल, पॅरिसचं एचईसी, स्वित्झर्लंडचं सेंट गॅलन अशा युरोपातल्या संस्थांत तो जोरात चालतो आणि तिथे अनुभवाची अपेक्षा नसतेच. कॉलेजात असताना एमबीएला केलेला अर्ज हे प्रकरण निराळं. त्याला डिफर्ड अॅडमिशन म्हणतात: निवड आज होते, मग तुम्ही काही वर्षं नोकरी करता आणि त्यानंतर वर्गात दाखल होता. हार्वर्डने २००७ साली 'टू प्लस टू' नावाने हा मार्ग जाहीर केला आणि त्यातली पहिली तुकडी २०११ मध्ये वर्गात आली. आज स्टॅनफर्ड, व्हार्टन, कोलंबिया, शिकागो बूथ, केलॉग, एमआयटी स्लोन अशा बहुतेक मोठ्या अमेरिकी संस्थांकडे अशी सोय आहे. मधली मुदत हार्वर्ड आणि व्हार्टनमध्ये दोन ते चार वर्षं, कोलंबिया आणि स्लोनमध्ये पाचपर्यंत. येलचा सिल्व्हर स्कॉलर्स हा या सगळ्यांत वेगळा. तिथे पदवीनंतर थेट पहिल्या वर्षाला बसायचं, मग वर्षभर किंवा थोडं अधिक काम करायचं आणि परत येऊन उरलेला अभ्यासक्रम पुरा करायचा.

पात्रतेची अट सगळीकडे साधारण सारखी असते: पदवीचं शेवटचं वर्ष, किंवा पदवीनंतर खंड न पाडता सुरू केलेल्या पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणाचं शेवटचं वर्ष. इंटर्नशिप चालते, पूर्णवेळ नोकरी केलेली चालत नाही. म्हणजे हे दार पदवीबरोबर बंद होतं. नियमित प्रवाहात पुढे कितीही वेळा अर्ज करता येतो, इथे मात्र बहुतेकांना एकच संधी असते. बहुतेक संस्थांची अंतिम तारीख एप्रिलमध्ये येते आणि निकाल जूनअखेर किंवा जुलैत लागतात. स्टॅनफर्डमध्ये नियमित उमेदवारांच्या कुठल्याही फेरीत अर्ज करता येतो. शुल्कही कमी असतं: हार्वर्डच्या नियमित अर्जाला २५० डॉलर पडत असताना विद्यार्थ्यांसाठी ते १०० डॉलर ठेवलेलं आहे. पैशाची खरी अडचण असेल तर शुल्कमाफी मागायला अजिबात संकोचू नका. ती मागितल्याने निवडीवर काही परिणाम होत नाही.

संस्था हे करतात कशासाठी? नियमित वर्गातल्या विद्यार्थ्याचं वय सत्तावीसच्या आसपास असतं आणि गाठीशी साधारण पाच वर्षांची नोकरी असते. त्या वयापर्यंत चांगला अभियंता, संशोधक किंवा स्वतःचं काही उभं करू पाहणारा माणूस आपल्या वाटेवर इतका पुढे गेलेला असतो की एमबीएचा विचार त्याच्या डोक्यातही येत नाही. सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँकांतून उमेदवार आपोआप येतातच. बाकीच्यांना आधीच गाठावं लागतं. हार्वर्ड तर कुणाला प्राधान्य आहे ते उघडपणे सांगतं: प्रत्यक्ष उत्पादन वा सेवा देणाऱ्या कंपनीत जाऊ पाहणारे, तांत्रिकदृष्ट्या अवघड काम करणारे, स्वतःचा उद्योग काढणारे, आणि आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या किंवा कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी असलेल्या घरातून आलेले. याचा अर्थ बँकेत जाणाऱ्यांनी अर्जच करू नये असा नाही. पण या मार्गाची आखणी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे, हे अर्ज लिहिण्याआधी कळलेलं बरं.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मला विचाराल तर अर्ज करण्याचा निर्णय गुणांवरून किंवा इंटर्नशिपवरून घेऊ नका. स्वतःला एकच विचारा: जागा हातात असेल तर पुढची तीन वर्षं मी वेगळी जगेन का? उत्तर 'हो' असेल तर जरूर अर्ज करा. 'नाही' असेल, म्हणजे जागा मिळो न मिळो तुम्ही त्याच कंपनीत तेच काम करणार असाल, तर घाई कशाची? चार वर्षांनी नियमित अर्ज करा. तेव्हा तुमच्याकडे सांगण्यासारखंही जास्त असेल.

अशा आधीच मिळालेल्या जागेची खरी किंमत तिच्यामुळे घेता येणाऱ्या जोखमीत आहे. नियमित मार्गाने जाणाऱ्याला नोकरी निवडताना एक डोळा सतत अर्जावर ठेवावा लागतो: हे नाव रेझ्युमेवर कसं दिसेल, इथे बढती वेळेत मिळेल का, साहेब शिफारसपत्र नीट लिहील का. जागा हातात असलेल्याला हे करावं लागत नाही. त्याला बुडू शकणाऱ्या छोट्या कंपनीत जाता येतं, कारखान्याच्या पाळ्यांमध्ये काम करता येतं, कमी पगारात सरकारी प्रकल्पावर किंवा शिक्षणक्षेत्रात दोन वर्षं घालवता येतात. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यातली गुणवत्ता तपासणीची नोकरी मनापासून हवी होती, पण सगळे तिला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीकडे ढकलत होते. जागा मिळाल्यावर ती कारखान्यात गेली. उलट असेही बरेच पाहिले की जागा मिळाल्याचा आनंद झाला, पेढे वाटले आणि मग ज्या कंपनीत जायचं होतं तिथेच गेले. त्यांचं नुकसान झालं नाही, पण मनःशांतीपलीकडे फारसं काही मिळालंही नाही. मनःशांतीही काही कमी नव्हे म्हणा. तरी तिच्यासाठी शेवटच्या वर्षातले चार महिने खर्चायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता निबंध. 'अनुभव नाही' ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो आणि ती चुकीच्या तुलनेतून येते. तुमची फाइल सत्तावीस वर्षांच्या व्यवस्थापकाशेजारी ठेवून वाचत नाहीत. ती तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या फायलींमध्ये वाचली जाते. तिथे कुणाकडेच दहा कोटींच्या प्रकल्पाची जबाबदारी नसते. वाचणारा शोधत असतो ते वेगळंच: या मुलाने किंवा मुलीने स्वतःहून काय निवडलं, त्याची किंमत काय मोजली, आणि आजूबाजूची माणसं त्यामुळे हलली का.

कॉलेजातल्या पदांनी भरलेला रेझ्युमे इथे फार उपयोगी पडत नाही. अध्यक्ष, सचिव, मुख्य समन्वयक, विद्यार्थी प्रतिनिधी ही यादी जवळजवळ प्रत्येकाकडे असते. 'मी तंत्रमहोत्सवाचा मुख्य समन्वयक होतो आणि ऐंशी जणांचा चमू सांभाळला' या वाक्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. अशा वेळी मी विचारतो, त्या महोत्सवात तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी घेतला नसता असा एखादा निर्णय सांग. पुष्कळदा शांतता पसरते. पण मग हळूहळू बाहेर येतं: प्रायोजकाने ऐनवेळी अंग काढून घेतलं, पैसे निम्म्यावर आले, आणि गाण्याचा मोठा कार्यक्रम ठेवायचा की शाळेतल्या मुलांसाठीच्या कार्यशाळा, हे ठरवायची वेळ आली. त्याने गाणं रद्द केलं. मित्र महिनाभर बोलले नाहीत, दोघांनी चमू सोडला, त्यांना परत आणायला तो दोनदा त्यांच्या खोलीवर गेला, त्यातला एक आला. निबंध हा आहे! ऐंशी जणांचा आकडा त्यात आला नाही तरी चालेल.

दुसरी खाण म्हणजे घर, आणि ती बहुतेक जण झाकून ठेवतात. वडिलांच्या आजारपणात दुकानाचे हिशेब पाहिले, धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी शिकवण्या घेतल्या, कॉलेज सांभाळून अर्धवेळ काम केलं. हे लिहायला मुलं लाजतात, कारण त्याला पदवी-पद काही नाही. प्रवेश समितीला मात्र याच गोष्टींतून जबाबदारी दिसते. एकच पथ्य पाळा: दया येईल असं लिहू नका. काय करावं लागलं आणि तुम्ही ते कसं केलं, एवढंच लिहा. बाकीचं वाचणाऱ्याला कळतं.

स्टॅनफर्ड विचारतं, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का. बावीस वर्षांचा उमेदवार या प्रश्नाला समानता, शिक्षण, पर्यावरण असं काहीतरी प्रचंड उत्तर देतो आणि तिथेच हरवतो. प्रश्नातल्या 'का'कडे बघा. उत्तर लहान असलं तरी हरकत नाही, ते तुमच्याच आयुष्यातून निघालेलं असलं की झालं. स्लोनचा बाज याच्या उलट आहे. तिथे निबंधाऐवजी नोकरीच्या अर्जासोबत जोडतात तसं पत्र, म्हणजे कव्हर लेटर, मागतात. त्यात भावनेला जागा कमी, केलेल्या कामाचा पुरावा जास्त. एकच मजकूर दोन्हीकडे डकवणाऱ्यांना दोन्हीकडून नकार येतो, आणि ते योग्यच आहे.

भविष्याबद्दल लिहिताना पहिल्या नोकरीबाबत नेमके राहा आणि पुढच्या वीस वर्षांबाबत प्रामाणिक. कुठल्या प्रकारच्या कंपनीत, कोणत्या कामात, काय शिकायला जाणार आहात हे ठोस हवं. पंचेचाळिसाव्या वर्षी काय असाल हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि नाही हे समितीलाही ठाऊक आहे. दिशा दाखवली की पुरे.

शिफारसपत्रांकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त अर्ज तिथेच पडतात. बऱ्याच संस्था एक सामायिक नमुना वापरतात आणि त्यात दोन प्रश्न खरे महत्त्वाचे: हा उमेदवार अशाच कामातल्या इतर सक्षम लोकांच्या तुलनेत कुठे बसतो, आणि तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, त्यावर त्याने काय केलं. आता सांगा, दोनशे जणांच्या वर्गात तुम्हाला पहिला क्रमांक देणारे प्राध्यापक दुसऱ्या प्रश्नाला काय लिहिणार? प्राचार्य किंवा कुलगुरूंचं पत्र तर वायाच. त्यांनी तुम्हाला चुकताना कधी पाहिलेलंच नसतं. ज्या मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत तुमचा प्रयोग तीनदा फसला, त्यांच्याकडे जा. दुसरं पत्र इंटर्नशिपमधल्या थेट वरिष्ठांचं घ्या. कंपनीच्या संचालकांचं नको, रोज तुमचं काम तपासणाऱ्याचं घ्या, त्याचं पद लहान असलं तरी.

वेळही महत्त्वाची. इंटर्नशिप जुलैत संपली आणि पत्र मार्चमध्ये मागितलं, तर त्या माणसाला तुमचं नाव आठवेल, काम आठवणार नाही. संपतानाच विचारून ठेवा, आणि मागताना तुम्ही एकत्र केलेल्या कामातले चार-पाच प्रसंग एका पानावर लिहून द्या. 'तूच लिही, मी सही करतो' असं उत्तर आलं तर नम्रपणे नको म्हणा. ते नियमात बसत नाहीच. शिवाय तुमच्या निबंधाची आणि त्या पत्राची भाषा एकाच हाताची आहे, हे वाचणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात कळतं.

प्रवेशपरीक्षेबद्दल थोडक्यात. जीमॅट आता सव्वादोन तासांची आहे: तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर. जुन्या पट्टीवरचे ७४० म्हणजे नव्यावर साधारण ६८५, त्यामुळे सिनियर मंडळींचे आकडे ऐकून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षा २०२३ पासून दोन तासांच्या आत आटपते आणि तीही सगळीकडे चालते. दोन्हींचे गुण पाच वर्षं ग्राह्य असतात. म्हणून अर्ज करायचा की नाही हे ठरत नसेल तरीही परीक्षा कॉलेजातच देऊन टाका, असं मी प्रत्येकाला सांगतो. अभ्यासाची सवय ताजी असते, संध्याकाळ मोकळी असते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी हे दोन्ही राहत नाही. एप्रिलची तारीख गाठायची तर फेब्रुवारीपर्यंत परीक्षा संपवा, म्हणजे एकदा बिनसलं तरी दुसऱ्यांदा देता येईल.

गुणपत्रिकेला इथे नियमित अर्जापेक्षा जास्त वजन असतं, कारण दुसरं मोजण्यासारखं कमी असतं. एखाद्या सत्रात घसरण झाली असेल तर ऐच्छिक जागेत दोन वाक्यांत कारण द्या आणि पुढे चला. तीन परिच्छेदांचा खुलासा केलात तर घसरण होती त्यापेक्षा मोठी दिसते.

मुलाखतीला बोलावणं आलं की अर्धं अंतर कापलंय समजा. हार्वर्डची मुलाखत तीस मिनिटांची असते, आणि समोरच्याने तुमची फाइल अक्षरन् अक्षर वाचलेली असते. अनेक वर्षं तर मुलाखतीनंतर चोवीस तासांत त्या संभाषणाबद्दल स्वतःचं मनन लिहून पाठवावं लागे. ते आधीच घरी लिहून ठेवणारे असत. ते ओळखू येई. व्हार्टनमध्ये पाच-सहा जणांची गटचर्चा होते. तिथे सर्वांत जास्त बोलणारा क्वचितच निवडला जातो. दुसऱ्याचा अर्धवट मुद्दा पुढे नेणारा बहुधा जातो.

निवड झाल्यानंतरची बाजू फारशी कुणी सांगत नाही, म्हणून ती सांगतो. जागा पक्की करायला अनामत भरावी लागते, काही ठिकाणी ती दरवर्षी द्यावी लागते आणि सहसा परत मिळत नाही. पदवी वेळेत पूर्ण व्हायला हवी, पूर्णवेळ काम हवं, नोकरी बदलली तर कळवावं लागतं. या काळात इतर संस्थांकडे अर्ज करता येतो का, याचे नियम सारखे नाहीत. निवडपत्र बारकाईने वाचा. पैशाचं गणितही आजच मांडा. हार्वर्डची नुसती शिकवणीची फी २०२४-२५ साली वर्षाला ७६,४१० डॉलर होती, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा, आणि तुम्ही वर्गात पोहोचाल तेव्हा ती वाढलेली असेल. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड आर्थिक गरजेनुसार मदत देतात. ती ठरते प्रत्यक्ष दाखल होताना, तेव्हाच्या उत्पन्नावर आणि बचतीवर. म्हणजे मधल्या काळात मोठा पगार घेतला तर मदत कमी होऊ शकते, ही गोष्ट नोकरी निवडताना हिशेबात धरावी.

काहींनी थांबलेलंच बरं. ज्यांना एमबीए म्हणजे नको असलेल्या शाखेतून सुटका वाटते त्यांनी आधी दुसरं काहीतरी करून पाहावं. समितीला ती सुटकेची ओढ पानापानावर दिसते. मार्चमध्ये जागे झालेल्यांनीही थांबावं, कारण सहा आठवड्यांत परीक्षा, पत्रं आणि निबंध धड होत नाहीत आणि शेवटच्या सत्राचे गुणही जातात. तुम्ही मात्र अजून वेळेत आहात.

राहता राहिलं नोकरी देणाऱ्याला सांगायचं की नाही. हे मला खासगीत सगळेच विचारतात. मुलाखतीत कुणी थेट विचारलं तर खोटं बोलू नका. स्वतःहून पहिल्या दिवशी जाहीर करायची मात्र गरज नाही. तीन वर्षांनी जाणार म्हणून ठरवलेल्या माणसाला लांब पल्ल्याचं काम द्यायला वरिष्ठ कचरतात, आणि तुम्ही तर तेच काम करायला तिथे गेलेले असता. पहिल्या वर्षाचं मूल्यमापन चांगलं झालं की थेट वरिष्ठांना सांगा. काही मोठ्या सल्लागार कंपन्या परत येण्याच्या बोलीवर शिक्षणाचा खर्च उचलतात. तुमची कंपनी तसं करत असेल तर ही बोलणी निघण्याच्या वर्षभर आधी सुरू करा, कारण मंजुरी त्यांच्या वार्षिक अंदाजपत्रकातून येते आणि ते एकदा ठरलं की मधेच बदलत नाही.